खंड दुसरा, आवृत्ती दुसरी

गणिताचं पान जुळवणं हे खिळ्यांच्या छापखान्यातलं सर्वांत जिकिरीचं काम. साध्या मजकुराची ओळ जुळाऱ्याच्या हातून भराभर पुढे सरकते. पण अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक आला, घाताच्या डोक्यावर आणखी एक घात बसला, वर्गमूळाच्या छपराखाली अख्खी पदावली गेली, की एकेक खिळा वेगळा उचलून, वरखाली शिशाच्या पट्ट्या सरकवून तो नेमक्या उंचीवर बसवावा लागे. विसाव्या शतकाची पहिली सहा दशकं युरोप-अमेरिकेत हे काम मोनोटाइप यंत्र आणि त्यावर हयात घालवलेले कारागीर करत होते. यंत्र सुटे खिळे ओतून देई. सूत्राची शेवटची बांधणी मात्र हातानंच होई.

१९६०नंतर हे कारागीर कमी होत गेले, मजुरी वाढली आणि शिशाची जागा फोटोवर अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रांनी घेतली. वर्तमानपत्रांना आणि कादंबऱ्यांना ती मानवली. गणिताला मानवली नाहीत. खर्च परवडेना म्हणून काही संशोधनपत्रिका चक्क टाइपरायटरवर टाइप केलेली पानंच छापू लागल्या. आयबीएमच्या सिलेक्ट्रिक यंत्रात अक्षरांचा गोळा बदलता येई. विद्यापीठातली टंकलेखिका इंग्रजी अक्षरांचा गोळा काढून ग्रीक अक्षरांचा बसवी, दोन चिन्हं टाइप करी, पुन्हा पहिला गोळा बसवी आणि जे चिन्ह कुठल्याच गोळ्यावर नसे ते शेवटी पेननं काढी. एका प्रबंधात हे हजारो वेळा घडे. त्या काळच्या संशोधनामागे अशा कितीतरी बायकांचं काम उभं आहे आणि त्यांची नावं प्रस्तावनेतल्या आभारांपलीकडे कुठे गेली नाहीत.

डोनाल्ड क्नूथ यांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त टोचण्याला कारण होतं. जन्म १९३८चा, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला. वडील शाळेत शिकवत आणि घराच्या तळघरात छपाईचा छोटा उद्योग चालवत. शाईचा वास मुलाच्या नाकात लहानपणीच गेला होता. १९६२ साली, पीएचडीही झालेली नसताना, अ‍ॅडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेनं त्यांना संगणकाच्या भाषांतरक प्रोग्रामांवर एक पुस्तक लिहायला सांगितलं. लिहिता लिहिता विषय इतका फुगला, की एका पुस्तकाचे सात खंड ठरले. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड १९६८ साली आला, दुसरा १९६९ साली, तिसरा १९७३ साली. तिन्ही मोनोटाइपवर जुळवलेले. १९७४ साली क्नूथ यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते, स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते आणि चौथ्या खंडाचं काम समोर होतं.

मध्ये आडवी आली ती दुसऱ्या खंडाची दुसरी आवृत्ती. ३० मार्च १९७७ला तिची गॅलीप्रूफं त्यांच्या हाती पडली. जुळणी नव्या फोटो-यंत्रावर झाली होती. अक्षरांमधली अंतरं विसंगत होती आणि पहिल्या आवृत्तीतलं देखणेपण पार गेलं होतं. मजकूर बरोबर होता, चुका फारशा नव्हत्या, पण पान बघवत नव्हतं. पंधरा वर्षं ज्या पुस्तकात ओतली ते अशा रूपात बाहेर जाऊ द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

त्याच्या महिना-दोन महिने आधी, फेब्रुवारीत, एक वेगळी गोष्ट त्यांच्या पाहण्यात आली होती. विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी वाचनयादी ठरवणाऱ्या समितीपुढे पॅट्रिक विन्स्टन यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या पुस्तकाची प्रूफं आली होती. ती अंकीय यंत्रावर काढलेली होती, दर इंचाला हजाराहून जास्त ठिपके टाकणाऱ्या. डोळ्यांना खिळ्याच्या छपाईइतकीच सुबक. क्नूथ यांच्या लक्षात आलं, की आता छापील पान म्हणजे शून्य आणि एक यांची एक प्रचंड जाळी आहे. शाई कुठे पडावी आणि कुठे पडू नये, एवढाच प्रश्न उरला आहे. शून्य-एकाचा प्रश्न म्हणजे त्यांच्या घरचा प्रश्न. मार्चअखेरची ती प्रूफं बघितल्यावर त्यांनी ठरवलं, की हे आपणच सोडवायचं.

मे महिन्यात एक अख्खी रात्र जागून, पहाटेपर्यंत त्यांनी रचनेचा पहिला मसुदा विद्यापीठाच्या संगणकावर टाइप केला. मसुद्यावर तारीख १३ मे १९७७. नाव टेक. लेखकानं साधा मजकूर टाइप करायचा, त्यात सूत्रांसाठी आणि मथळ्यांसाठी खुणा घालायच्या आणि पानाची सगळी मापं प्रोग्रामनं काढायची, अशी ती कल्पना होती. ही सोय त्यांना दोघांसाठीच हवी होती: स्वतःसाठी आणि त्यांची हस्तलिखितं टाइप करणाऱ्या सचिव फिलिस विंकलर यांच्यासाठी. उन्हाळ्यात ते चीनच्या दौऱ्यावर गेले आणि मायकेल प्लास व फ्रँक लिआंग या दोन विद्यार्थ्यांकडे मसुदा सोपवून गेले. त्यांची समजूत अशी, की मसुदा इतका स्पष्ट आहे, की प्रोग्राम लिहिणं हे फक्त हाताचं काम उरलं.

परत आल्यावर विद्यार्थ्यांनी एक छोटा भाग चालवून दाखवला. त्या दोघांचं काम उत्तम होतं. पण प्रोग्राम स्वतः लिहायला बसल्यावर क्नूथ यांना दिसलं, की दर काही ओळींनी असा प्रश्न उभा राहतो ज्याचं उत्तर मसुद्यात नाही. विद्यार्थ्यांना अशा प्रत्येक वेळी गुरूला गाठावं लागलं असतं, गुरू चीनमध्ये. रचना ठरवणारा आणि ती घडवणारा वेगळे असून चालत नाही, इतकंच नव्हे तर वापरकर्त्यासाठीची पुस्तिकासुद्धा त्यानंच लिहिली पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. मग त्यांनी सगळा प्रोग्राम आधी कागदावर, हातानं लिहून काढला आणि १९७८च्या मार्चमध्ये तो यंत्रावर चढवून तपासायला घेतला.

प्रोग्राम तयार झाला तरी अक्षरं कुठून आणायची? मोनोटाइपची अक्षरं क्नूथ यांना प्रिय होती. त्यांचे ठिपके करून घ्यायचे होते. उत्तम कॅमेरे जवळच, झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत होते. झेरॉक्सची तयारी होती, पण अट अशी, की तिथे घडलेली अक्षरं झेरॉक्सच्या मालकीची होतील. क्नूथ यांनी नकार दिला. अंकीय अक्षर म्हणजे शेवटी आकड्यांची एक मालिका आणि आकड्यांवर कुणाची मालकी कशी असेल, हा त्यांचा सवाल होता.

मला या सगळ्या हकिगतीत हा नकार सर्वांत मोठा वाटतो. तो त्या दिवशी कुणी नोंदवून ठेवावा इतका नाट्यमय नव्हता. एका प्राध्यापकानं एका कंपनीचा कॅमेरा वापरला नाही, एवढंच. पण ती अट मान्य झाली असती, तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं जगातल्या गणितज्ञांनी, भौतिकशास्त्रज्ञांनी ज्या अक्षरांत एकमेकांना लिहिलं, त्या अक्षरांना भाडं लागलं असतं. या नकाराची किंमत क्नूथ यांनी स्वतःच्या वेळानं चुकवली.

विद्यापीठातल्या टीव्ही-कॅमेऱ्यानं अक्षरं टिपून बघितली. प्रकाश जरा बदलला की अक्षर जाड-बारीक होई. आपल्या पुस्तकाच्या पानांचे फोटो मोठे करून घराच्या भिंतीवर पाडले आणि कडा गिरवून बघितल्या, कडा धूसर. शेवटी त्यांनी वाट बदलली. अक्षराचं चित्र घ्यायचंच नाही, अक्षर काढणाऱ्याच्या हाताची हालचाल गणितात लिहायची: नीब केवढी, ती कुठून निघते, कुठे वळते, कुठे जाड होते. या प्रोग्रामचं नाव मेटाफाँट. यात एका अक्षरातून अनेक अक्षरं निघतात. उंची, जाडी, कोपऱ्यांची गोलाई यांचे आकडे बदला, की त्याच वर्णनातून ठळक वळण मिळतं, बारीक टिपांसाठीचं वळण मिळतं, टाइपरायटरसारखंही मिळतं. त्यांच्या कॉम्प्युटर मॉडर्न या अक्षरकुलात असे ६२ आकडे आहेत.

बाकीची अक्षरं हळूहळू जमली, पण इंग्रजी एस जमेना. सरळ दांडी आणि गोल पोट यांचं गणित सोपं. एसचा मणका मात्र एका बाजूनं वळत येतो, मधे उलटतो आणि दुसऱ्या बाजूला वळतो, आणि हे होताना त्याची जाडीही सतत बदलत असते. प्रबोधनकाळातल्या इटलीत पाचोली, तोर्निएल्लो अशा लोकांनी पट्टी-कंपास घेऊन रोमन अक्षरांच्या आकृत्या काढल्या होत्या. क्नूथ यांनी त्या अभ्यासल्या, पण त्यातला एस त्यांना हवा तसा नव्हता. तीन दिवस आणि रात्री ते या एका अक्षराशी झुंजत होते. पत्नी जिल यांनी बघितलं आणि विचारलं, की एसच्याच आकाराचा काढ ना. अखेर त्यांना लंबवर्तुळाची एक रचना सापडली, जिच्यात दिलेल्या रेषेला स्पर्श करून वळण पुढे जातं. १९८० साली या एका अक्षरावर त्यांनी गणिताच्या नियतकालिकात स्वतंत्र लेख लिहिला.

दरम्यान ४ जानेवारी १९७८ला अटलांटा इथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं प्रतिष्ठेचं गिब्ज व्याख्यान त्यांनी दिलं. श्रोते गणितज्ञ; अपेक्षा एखाद्या गहन प्रमेयाची. क्नूथ बोलले गणिताच्या छपाईवर. सोसायटीच्याच पत्रिकेची जुनी पानं एकामागून एक दाखवत त्यांनी छपाई कशी खालावत गेली ते मांडलं. सूत्रांच्या मांडणीसाठी त्यांनी तीन नमुने समोर ठेवले होते: स्वतःच्या पुस्तकांची मोनोटाइप पानं, १९१०च्या सुमाराची स्वीडनची ‘आक्ता मॅथेमॅटिका’ आणि १९५०च्या सुमाराची नेदरलँड्सची ‘इंदागात्सिओनेस’. त्या पानांवरची अंतरं मोजून त्यांनी नियम बसवले. त्या अनाम जुळाऱ्यांच्या हातांत जे होतं, ते क्नूथ नियमांत लिहून काढत होते. खर्चानं जेरीस आलेल्या सोसायटीनं तत्काळ रस घेतला. १९८० साली टेकच्या वापरकर्त्यांची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी तिचं ‘टगबोट’ हे नियतकालिक निघालं. सोसायटीतल्या बार्बरा बीटन यांनी ते पुढे दशकानुदशकं संपादित केलं.

परिच्छेदाच्या ओळी कुठे तोडायच्या, या प्रश्नाचं टेकनं दिलेलं उत्तर समजून घेण्यासारखं आहे. तोवरचे प्रोग्राम एकेक ओळ घेत. मावतील तितके शब्द भरायचे, उरलेली जागा शब्दांमध्ये वाटायची, ओळ बंद, पुढची ओळ सुरू. एकदा बंद झालेल्या ओळीकडे पुन्हा बघणं नाही. त्यामुळे एक ओळ घट्ट आणि खालची विरळ, असं होई. क्नूथ आणि प्लास यांनी अख्खा परिच्छेद एकदम विचारात घेतला. प्रत्येक शब्द ही एक पेटी. दोन पेट्यांमधली मोकळी जागा ठरावीक मर्यादेत ताणता किंवा आकसता येणारी. किती ताणली यावर प्रत्येक ओळीला दोषांक, आणि तो ताणाच्या घनाप्रमाणे वाढतो: मर्यादेइतकी ताणली तर १००, दुप्पट ताणली तर ८००. म्हणजे थोडा थोडा ताण सगळ्या ओळींनी वाटून घेतलेला चालतो, एकाच ओळीवर सगळा भार टाकलेला चालत नाही. आता शंभर शब्दांच्या परिच्छेदात ओळ तोडायच्या ९९ जागा. तोडण्याचे प्रकार २चा ९९वा घात. एवढे तपासायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. पण एखाद्या जागेपर्यंत पोचण्याचे अनेक मार्ग असले, तरी त्यांतला सर्वांत कमी दोषाचा एकच लक्षात ठेवला की पुरतं. या युक्तीनं काम निमिषात होतं. १९८१ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. परिणाम असा, की शेवटच्या ओळीतला एक शब्द बदलला तर पहिली ओळ वेगळ्या जागी तुटू शकते. जुना निष्णात जुळारी हेच करत असे. खालची ओळ बसेना तर वरच्या दोन ओळी पुन्हा सोडवायला तो कंटाळत नसे.

ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, हे लिआंग यांनी सोडवलं. अख्खा शब्दकोश त्या काळच्या संगणकात मावत नव्हता. त्यांनी शब्दकोशातून ४४४७ अक्षरसमूहांचे नमुने काढले. कुठल्या समूहाच्या मध्ये तोडावं, कुठे तोडू नये, हे ते सांगतात. १९८३च्या त्यांच्या प्रबंधातली ही पद्धत भाषेला बांधलेली नाही. नमुने बदला, तोच प्रोग्राम दुसऱ्या भाषेचे शब्द तोडू लागतो.

१९८१ साली दुसऱ्या खंडाची दुसरी आवृत्ती छापून आली. ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप, ते पुस्तक. जुळणी टेकची, अक्षरं मेटाफाँटची, यंत्र इंचाला पाच हजारांवर ठिपके टाकणारं. क्नूथ यांनी प्रत उघडली आणि ते निराश झाले. पडद्यावर आणि कागदाच्या सुट्या तावांवर जे चांगलं दिसत होतं, ते नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या बांधणीत, पुस्तकात आल्यावर उणं दिसलं. अक्षरांमध्ये अजून नवशिक्याचा हात जाणवत होता, अंकही खटकत होते. चार वर्षं गेली होती आणि पुस्तक मनासारखं नव्हतं.

इथे बहुतेक जण थांबले असते. प्रोग्राम चालत होता, विद्यापीठाविद्यापीठांतून मागणी येत होती, चौथा खंड वाट बघत होता. क्नूथ यांनी उलट दोन्ही गोष्टी मुळापासून पुन्हा करायला घेतल्या. अक्षरांसाठी ते अक्षरकारांकडे शिकायला गेले. जर्मनीचे हर्मन झाफ, इंग्लंडचे मॅथ्यू कार्टर आणि रिचर्ड साउथॉल, अमेरिकेचे चार्ल्स बिगेलो असे त्या क्षेत्रातले थोर लोक स्टॅनफर्डला आले. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाशेजारी बसून वळणं दुरुस्त केली गेली. सोसायटीसाठी झाफ यांनी ऑयलर नावाचं खास गणिताचं वळण रेखाटलं. त्याच सुमाराला, १९८३ साली, पिजूष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरचा अहवाल स्टॅनफर्डनं काढला. म्हणजे जोडाक्षरांचा प्रश्नही त्या खोल्यांमध्ये चर्चेला आला होता.

पहिला टेक एका विशिष्ट जातीच्या संगणकांवरच चालणाऱ्या भाषेत होता. दुसरा, १९८२चा, सर्वत्र चालणाऱ्या पास्कल भाषेत नव्यानं लिहिला. लिहितानाच त्यांनी एक वेगळी शिस्त घातली: प्रोग्राम हा माणसानं वाचायचा निबंध आहे असं समजून, स्पष्टीकरण आणि आज्ञा एकत्र गुंफून लिहायचा. १९८६ साली टेक, मेटाफाँट आणि अक्षरं यांचे मिळून पाच खंड प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका खंडात टेकचा अख्खा प्रोग्राम, एकही ओळ न लपवता, छापलेला आहे. मे महिन्यात बॉस्टनच्या संगणक-संग्रहालयात समारंभ झाला.

चुकांचाही हिशेब त्यांनी ठेवला. पहिल्या तपासणीच्या दिवसापासूनची वही. १९८९ साली ‘टेकच्या चुका’ या विषयावर त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि साडेआठशेच्या आसपास नोंदी पंधरा प्रकारांत वर्गवारी करून जगापुढे ठेवल्या: विचारातली चूक कुठली, निव्वळ टायपातली कुठली, विसरलेलं काय, अनपेक्षित परिस्थितीतून निघालेलं काय. नवी चूक दाखवणाऱ्याला बक्षीस, २००८पर्यंत धनादेशानं. पुस्तकातल्या चुकीला २.५६ डॉलर, टेकच्या चुकीची रक्कम काही वर्षं दरवर्षी दुप्पट होत ३२७.६८ डॉलरवर स्थिरावली. मिळालेले धनादेश बरेच लोक वटवत नसत, चौकटीत लावत.

टेक मात्र अवघड होता. साध्या संशोधकाला त्याच्या आज्ञा पेलेनात. हे अंतर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी भरून काढलं. त्यांना स्वतःचं पुस्तक लिहायचं होतं, त्यासाठी टेकवर त्यांनी आज्ञांचा एक थर रचला आणि इतरांच्या उपयोगी पडेल असा नीट केला. हा लाटेक. त्यात लेखक फक्त सांगतो, की हे प्रकरण, हे प्रमेय, ही तळटीप. ते दिसावं कसं, हे दुसरीकडे ठरतं. मूळ कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रायन रीड यांच्या स्क्राइब या प्रोग्रामची. स्क्राइबचं पुढे काय झालं ते इथे सांगायला हवं. तो एका कंपनीला विकला गेला आणि परवान्याशिवाय वापरलेली प्रत ठरावीक मुदतीनंतर बंद पडेल अशी तजवीज त्यात केली गेली. कल्पनेनं स्क्राइब पुढचा होता, टेकइतकाच हुशार लोकांच्या हातचा होता. आज तो इतिहासात आहे.

लाटेकची पुस्तिका १९८६ साली आली. स्टॅनफर्डचे विद्यार्थी ओरेन पटाश्निक यांनी त्याला बिबटेकची जोड दिली. संदर्भग्रंथांची माहिती एकदाच एका फाइलीत नोंदवायची. शोधनिबंधात नुसती खूण करायची. यादी, क्रम, अक्षरानुक्रम सगळं आपोआप. ज्यानं कधी दोनशे संदर्भांची यादी एका पत्रिकेच्या शैलीतून दुसरीच्या शैलीत हातानं उतरवली आहे, त्याला यातली सुटका वेगळी सांगायला नको. १९८९ साली लॅम्पोर्ट यांनी लाटेक पुढच्या पिढीच्या हाती दिला; फ्रांक मिटेलबाख आणि सहकाऱ्यांची नवी आवृत्ती १९९४ साली आली.

त्याच १९८९च्या उन्हाळ्यात युरोपातल्या वापरकर्त्यांनी स्टॅनफर्डच्या संमेलनात क्नूथ यांना गाठलं. जर्मन, फ्रेंच, झेक अशा भाषांतली चिन्हांकित अक्षरं १२८च्या मर्यादेत बसत नव्हती आणि असे शब्द ओळीअखेर तुटत नव्हते. क्नूथ यांना पटलं. त्यांनी मर्यादा २५६वर नेली, १९९० साली तिसरी आवृत्ती काढली आणि जाहीर केलं, की यापुढे नवी भर नाही. फक्त चुका दुरुस्त होतील. आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पाय (π) या संख्येच्या एका अंकानं वाढेल: ३.१, ३.१४, ३.१४१. आपल्या मृत्यूनंतर तो पाय होईल आणि उरलेल्या चुका तशाच राहतील. कुणालाही यातून दुसरं काही घडवायची मुभा आहे, फक्त त्याला टेक म्हणायचं नाही.

विकणाऱ्या कंपनीला असा निर्णय घेता येत नाही. तिला दर दोन वर्षांनी नवं काही दाखवावं लागतं. पण संशोधकाची गरज वेगळी असते. १९८५ साली लिहिलेली टेकची फाइल आज चालवली तर ओळी त्याच जागी तुटतात. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामबद्दल असं म्हणता येईल, ते मला आठवत नाही.

या साधेपणातून पुढे जे निघालं, ते क्नूथ यांच्या मनातही नव्हतं. टेकची फाइल म्हणजे साधा मजकूर. वीस पानांचा शोधनिबंध, सूत्रांसकट, ई-मेलनं सहज जाई. १९९०च्या सुमारास प्रिन्स्टनच्या जोआन कोन अशा फाइली सैद्धांतिक भौतिकीतल्या सहकाऱ्यांना पाठवत. १९९१च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन इथे भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्पेंटा वाडिया बोलता बोलता म्हणाले, की आपण प्रवासात असताना या फाइली येऊन साठतात आणि संगणकावर वाट्याला आलेली जागा भरून जाते. ऐकणाऱ्यांत लॉस अलामोसचे पॉल गिन्स्पार्ग होते. फाइली प्रत्येकाकडे कशाला जायला हव्यात, एकाच ठिकाणी ठेवाव्यात आणि ज्याला हवी त्यानं मागवावी, हा विचार त्यांना तिथे सुचला. १४ ऑगस्ट १९९१ला ती सोय सुरू झाली. आज तिला अर्काइव्ह म्हणतात आणि तिच्यात २० लाखांहून अधिक शोधनिबंध आहेत, कुणालाही फुकट. मुंबईतल्या किंवा कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याला अमेरिकेतला निबंध आता त्याच दिवशी वाचता येतो. पूर्वी ती पत्रिका बोटीनं येई, तीही ग्रंथालयाला वर्गणी परवडली तर.

देवनागरीही १९९१ सालीच टेकमध्ये नीट आली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले फ्रान्स फेल्टहाउस यांनी मेटाफाँटमध्ये देवनागरी अक्षरं घडवली आणि रोमन लिपीत टाइप केलेला मजकूर देवनागरीत उतरवणारा प्रोग्राम लिहिला. संस्कृतच्या अभ्यासकांनी तो वर्षानुवर्षं वापरला. २००४ साली जोनाथन क्यू यांचा झीटेक आला. तो युनिकोड वाचतो, त्यामुळे मराठी मजकूर थेट मराठीत टाइप करता येतो. लिआंग यांच्या पद्धतीचे मराठीचे नमुनेही आता टेकच्या संचात आहेत.

या सगळ्याची किंमत चौथ्या खंडानं मोजली. १९७३ साली तिसरा खंड आला, चौथ्याचा पहिला भाग २०११ साली आणि दुसरा २०२२ साली. वर्षभरात संपेल असं वाटलेलं काम दहा-बारा वर्षं चाललं. १९९० साली क्नूथ यांनी ई-मेल बंद केलं, १९९३ साली वेळेआधी निवृत्ती घेतली आणि ते पुन्हा खंडांकडे वळले. या सौद्यात जगानं काही गमावलं का? त्या वर्षांत ते जे लिहिणार होते त्यातलं बरंच आज वेगळ्या रूपात लिहिलं गेलं आहे, कारण त्यांच्या विषयातही दरम्यान खूप नवं सापडलं. आणि चौथा खंड दुसऱ्या कुणालाच लिहिता आला नसता, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की छपाईचा हा प्रश्न सोडवायला अल्गोरिदमचा एवढा जाणकार आणि अक्षरावर एवढं प्रेम करणारा माणूस पुन्हा एका जागी सापडला नसता. मी हा सौदा जगाच्या फायद्याचा मानतो.

टेकची तपासणी क्नूथ आता ठरलेल्या अंतरानं करतात आणि ते अंतर दर वेळी एका वर्षानं वाढवतात. २०१४नंतर २०२१ साली झाली, क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. पुढची २०२९ साली आहे. तोवर येणाऱ्या तक्रारी स्वयंसेवक चाळून ठेवतात आणि ज्या खऱ्या ठरतात तेवढ्याच क्नूथ यांच्यापुढे जातात. टेकमधल्या खऱ्या चुकीला बक्षीस अजून ३२७.६८ डॉलर आहे.